देणगी मिळवून आणणारी माणसं आपल्या विद्यापीठांत टिकत का नाहीत? (बडोद्याचा अनुभव)

रावपुऱ्याची

परवा दुपारी दांडिया बाजारातल्या एका काकांचा फोन आला. वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काकूंच्या नावाने आमच्याकडे शिष्यवृत्ती ठेवली. पैशांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "ती तुमची मुलगी कुठे गेली गं? शिष्यवृत्ती मिळालेल्या पोरीला दिवाळीनंतर घरी घेऊन येते म्हणाली होती. मी हिचा फोटोसुद्धा नव्या फ्रेममध्ये लावून घेतलाय."

ती मुलगी ऑगस्टमध्येच नोकरी सोडून गेली. काकांना कुणी कळवलं नाही. कळवणार कोण? तिने असं काही कबूल केलंय हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या एक्सेलच्या तक्त्यात काकांचं नाव, रक्कम, पावती क्रमांक आणि पॅन एवढंच आहे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्यातूनच हा धागा काढतेय.

मी बडोद्याबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात माजी विद्यार्थी आणि देणगी विभाग सांभाळते. नऊ वर्षं झाली. नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका संस्थेचा नाही. गेल्या चौदा महिन्यांत माझ्या हाताखालची तिघं गेली. एक जाहिरात कंपनीतून आलेला, एक आमचीच माजी विद्यार्थिनी (काकांची ती हीच), आणि एक मुलगा ज्याला लोकांची नावं, गावं, नाती एकदा ऐकली की पाठ होत. असा माणूस या कामात सोन्यासारखा असतो. तो सहाव्या महिन्याला एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामांवर खर्च करणाऱ्या) विभागात गेला.

ट्रस्टी म्हणतात, पगारासाठी गेले. ते अर्धंच खरं आहे. काकांच्या त्या मुलीने शेवटच्या दिवशी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "ताई, मी लोकांच्या घरी बसून शब्द देते आणि इथे येऊन तो पाळायला मला कुणी हात देत नाही. आता काही घरांसमोरून जायची मला लाज वाटते." झालं होतं असं की अलकापुरीतल्या एका कुटुंबाने सूक्ष्मदर्शकांसाठी पैसे दिले. वर्ष गेलं, खरेदी समिती काही बसली नाही. दर महिन्याला त्या घरून फोन यायचा तो हिला. पहिल्यांदा तिने खरं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा सांभाळून घेतलं, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. मला वाटतं, त्या तिसऱ्या फोनच्या दिवशीच ती मनाने नोकरी सोडून गेली होती.

माणूस गेला की किती जातं बघा. आमच्याकडे डिसेंबरात परदेशातली मंडळी येतात आणि उत्तरायण करून परततात. सहा आठवड्यांत वर्षाच्या भेटी उरकायच्या. त्यात देणगी द्यायची म्हटली की पहिला प्रश्न पासपोर्टचा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस न्यू जर्सीत वीस वर्षं राहिला तरी स्वतःच्या बचतीतून त्याने दिलेली रक्कम परकीय देणगी धरत नाहीत. त्याच्याच सख्ख्या भावाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी. मग एफसीआरएची (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे. एकाच दिवाणखान्यात दोन भाऊ, दोन नियम. हे चहा पिता पिता, समोरच्याला चौकशी केल्यासारखं न वाटता विचारायला शिकायला नव्या माणसाला वर्ष जातं. शिकून तयार झाला की तो नोटीस देतो.

तुमच्या संस्थांत काय केलंत? खरे अनुभव हवेत.

वाडीकर

ताई, आधी पगार सांगा. बाकीची चर्चा मग.

रावपुऱ्याची

सुरुवातीला २८ हजार. सीएसआरमध्ये त्याच मुलाला ४५ मिळाले. दडवण्यासारखं त्यात काही नाही. गोत्रीत भाड्याने राहणाऱ्याला २८ हजारांत बेताचंच भागतं आणि ते मी ट्रस्टींना लेखी दिलंय. पण एक सांगते. त्याच मुलाला आधी एकदा ४० चा देकार आला होता, तेव्हा तो थांबला होता. त्या महिन्यात त्याने आणलेल्या पैशांतून वसतिगृहाच्या वाचनालयाला नवीन टेबलं आली होती आणि तो स्वतः देणगीदाराला घेऊन ती दाखवायला गेला होता.

हिशेबनीस_फतेगंज

पंचवीस वर्षं लेखा विभागात काढली आहेत, म्हणून रोखठोक लिहितो. विमा, जमीन, प्रवेश, सगळीकडे आणेल त्याला टक्केवारी मिळते. इथेही दोन टक्के द्या. आणेल तो कमावेल, नाही आणणार तो जाईल. संस्थेला एक पैशाचा तोटा नाही.

चार्ल्स_नदीकाठचा_बडोदेकर

हिशेबनीसकाका, विरोध करतोय, राग मानू नका. मी मूळचा घडियाळी पोळातला. सतरा वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हेच काम करतो. टक्केवारी आमच्या व्यवसायात निषिद्ध आहे. निधी उभारणाऱ्यांची जी संघटना आहे, एएफपी, तिच्या आचारसंहितेत देणगीच्या रकमेवर टक्केवारी घेऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. कारण अगदी साधं आहे. दांडिया बाजारातल्या त्या काकांनी काकूंच्या नावाने दिलेल्या पैशातला काही भाग समोर बसलेल्या मुलीच्या खिशात जाणार हे काकांना कळलं, तर ते दार पुन्हा उघडतील का? आणि त्या मुलीचंही बघा. आज दोन लाख मिळवून मोकळी होऊ की काकांना अजून वर्षभर विचार करू देऊ, हा निर्णय तिने स्वतःच्या भाड्याकडे बघून घ्यायचा का?

टिकण्याचा प्रश्न अमेरिकेतही तेवढाच बिकट आहे. कंपासपॉइंट आणि हास फंड या तिथल्या दोन संस्थांनी २०१३ मध्ये सेवाभावी संस्थांतल्या निधी-विकास प्रमुखांचा देशभर अभ्यास केला होता. त्यातल्या जवळपास निम्म्यांनी दोन वर्षांच्या आत ही नोकरी सोडायचं मनात असल्याचं सांगितलं. तेव्हा रावपुऱ्याची ताई, हे तुझ्या एकटीच्या व्यवस्थापनाचं अपयश समजू नकोस.

आमच्याकडे काय उपयोगी पडलं ते लिहितो. एकेका अधिकाऱ्याकडे मोजकी कुटुंबं असतात, साधारण शंभर-दीडशे, आणि ती त्याचीच. आकड्याबरोबर हेही विचारतात की या वर्षी किती घरी गेलास, काय ऐकलंस, पुढचं पाऊल कोणतं. प्रत्येक भेटीनंतर दोन दिवसांत टिपण लिहायचं. मोठी देणगी जुळायला दीड-दोन वर्षं सहज लागतात, त्यामुळे तिमाही टार्गेट देणारा वरिष्ठ इथे माणसं पळवून लावतो.

आणि माणसं आणायची कुठून? आमच्यातले कितीतरी जण विद्यार्थी असताना संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांना फोन करायच्या खोलीतून आलेत. मीही तिथूनच आलो. तासाचे थोडे डॉलर मिळायचे, पण पन्नास फोनमधल्या एकाने, "अजून ते वडाचं झाड आहे का?" अशा धर्तीचं काहीतरी विचारलं की माझा दिवस सुखाचा जायचा. तुमच्या कॅम्पसवर अशी मुलं आहेत, ताई. जाहिरात देण्याआधी त्यांना दोन संध्याकाळी फोनवर बसवून बघा.

हिशेबनीस_फतेगंज

काकांच्या दाराचा मुद्दा पटला. टक्केवारीचं म्हणणं मागे घेतो. पण मग वार्षिक वाढ तरी नीट द्या.

ग्वाल्हेरची_लेक

आमच्या कॉलेजात असा विभागच नाही. एका मॅडमकडे माजी विद्यार्थ्यांचं काम "जादा" म्हणून दिलंय. पेपर तपासून उरलेल्या वेळात त्यांनी देणग्या आणायच्या. त्यामुळे माणूस टिकवायचा प्रश्नच येत नाही, कारण माणूस नेमलेलाच नाही.

निवृत्त_कुलसचिव

दुसरी बाजू मांडतो. खरेदी समिती मुद्दाम उशीर करत नाही. तीन दरपत्रकं, तांत्रिक तुलना, लेखापरीक्षणाच्या शंका, हे सारं पाळावंच लागतं. उत्साही मुलं देणगीदाराला "तीन महिन्यांत होईल" असं परस्पर सांगून मोकळी होतात, आणि निस्तरावं आम्हाला लागतं. माझा अनुभव असा की शब्द देण्याआधी त्या मुलांनी कुलसचिवांच्या खोलीत पाच मिनिटं येऊन बसावं. मी असताना एकीला ही सवय लावली होती. तिचा एकही शब्द खाली पडला नाही, कारण ती मला विचारून तारीख द्यायची आणि मग ती तारीख माझीही व्हायची.

टिकण्याबद्दल म्हणाल तर दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घ्यावा. प्रशिक्षणावर संस्थेचा खर्च होतो.

कामाठी_बाग_सकाळी_सहा

सर, पाच मिनिटांची तुमची सूचना सोन्यासारखी आहे. बॉण्डबद्दल मात्र बडोद्याच्या माणसाने तरी विचार करून बोलावं असं मला वाटतं.

१९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा लेखी करार होता. १९१७ मध्ये ते तो करार पाळायला बडोद्याला आलेसुद्धा. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत. गावात कुणी राहायला जागा देईना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढलं. मी रोज सकाळी फिरायला जातो त्या बागेत एका झाडाखाली ते बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात.

माणूस शोधणारा राजा होता, पैसा खर्च झाला होता, करार होता, आणि माणूस तर कसा! तरी या शहराने त्याला टिकू दिलं नाही. त्या अन्यायाची तुलना आजच्या नोकरीतल्या अडचणींशी करायचा माझा अजिबात हेतू नाही. एवढंच म्हणतो की ज्या कचेरीत माणसाला वागणूक मिळत नाही तिथे सही केलेला कागद त्याला धरून ठेवत नाही, आणि हे आपल्या गावात घडून गेलंय.

निवृत्त_कुलसचिव

मान्य. बॉण्डचा आग्रह सोडला.

टिळक_रस्ता

पुण्याहून लिहितेय. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य असत. महिना ७५ रुपये आणि वीस वर्षं सेवेची शपथ. गोखले त्यातलेच, आणि फर्ग्युसनसाठी देणग्या मिळवायलाही ते हिंडले. महर्षी कर्व्यांना तर सत्तरी उलटल्यावरही संस्थेच्या पैशासाठी परदेश दौरा करावा लागला. हल्लीच्या मुलांत ती तळमळ नाही असं मला वाटतं. चूक असेन तर सांगा.

रावपुऱ्याची

चूक असं नाही म्हणणार, पण त्याच सोसायटीतून टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, तेही सदस्यांचा पगार आणि बाहेरची कमाई यांवरच्या वादातून. म्हणजे शपथ घेतलेल्या माणसांतही हे प्रश्न होतेच. आणि गोखले, कर्वे ज्या संस्थेसाठी मागत होते ती त्यांची स्वतःची होती. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये ठाकरसींनी १५ लाख दिले, तेव्हा त्या पैशाचं काय होणार हे ठरवणाऱ्यांत कर्वे स्वतः बसलेले होते. माझी २८ हजारांची मुलगी कुठल्याच बैठकीत बसत नाही. तळमळ तिच्यात होती हो. अलकापुरीच्या त्या घरी सांगायला उत्तर नाही म्हणून ती आमच्या जिन्यात रडली आहे.

आता_दुसरीकडे

हा धागा मला मैत्रिणीने पाठवला. मी अशाच एका (वेगळ्या) संस्थेतून बाहेर पडले आहे. सोडून गेलेल्यांच्या बाजूने कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

एमबीए करून या कामात आले तेव्हा घरातून ऐकलं, "वर्गणी गोळा करायला शिकवलं का तुला?" आईला समजावता समजावता वर्ष गेलं. ऑफिसातही तेच. विभागांचे प्रमुख मला "ती डोनेशनवाली" म्हणायचे. एका समारंभात देणगीदार आजींना मी हात धरून जिना चढवून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं, आणि मग मला पाणी वाटायला मागे पाठवलं. आजी सगळ्यांना विचारत होत्या, "ती कुठे गेली?" व्यासपीठावरच्या कुणालाही त्यांचं नाव नीट उच्चारता आलं नाही.

आता जिथे आहे तिथे पगार फक्त चार हजारांनी जास्त आहे. फरक तीन गोष्टींचा पडला. पहिली म्हणजे रुजू झाल्यावर पहिला महिना मला कुणाकडेही मागायला पाठवलं नाही. प्रयोगशाळा, वसतिगृह, मेस, शिष्यवृत्तीची मुलं, सगळीकडे फक्त फिरवलं. मी जे मागणार होते ते आधी मला दिसलं. दुसरी, दर महिन्याला कुलगुरूंसमोर आमचा पाऊण तास असतो आणि त्यात एकच कागद, देणगीदारांना दिलेल्या शब्दांची यादी. कुठला पूर्ण, कुठला अडकला, कुणाकडे अडकला. ज्याच्याकडे अडकला तो त्या खोलीत असतो. तिसरी मी सांगणार नव्हते, पण सांगते. माझ्या वडिलांच्या आजारपणात मी सहा आठवडे घरी होते, तेव्हा माझ्या घरांना (आम्ही देणगीदारांना "माझी घरं" म्हणतो) माझ्या जागी माझे वरिष्ठ सर स्वतः गेले आणि परत आल्यावर प्रत्येक घराचं टिपण माझ्या हातात दिलं. अशी जागा माणूस चार हजारांसाठी सोडत नाही.

वाडीकर

ती यादीची कल्पना आमच्या शाळेच्या ट्रस्टमध्ये उद्याच मांडतो.

मांडवीचा_ग्रंथपाल

आणखी एक बडोद्याची गोष्ट, कारण "प्रशिक्षण द्यायचं आणि माणूस जायचा" ही भीती वर दिसतेय.

१९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयं उभी करायला आणलं. १९१३ ला बॉर्डन परत गेले. तीनच वर्षं! तरीही गावोगावची ग्रंथालयं आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या त्यांच्यानंतर वाढतच राहिल्या. कारण आल्यावर वर्षभरात, १९११ मध्येच, त्यांनी इथल्या लोकांसाठी ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू केला होता. मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशीवरून चालताना मला नेहमी वाटतं, एक हुशार माणूस कायमचा बांधून ठेवण्यापेक्षा तो असताना त्याच्या बाजूला दोन माणसं उभी करणं जास्त शहाणपणाचं होतं. रावपुऱ्याची ताई, तुमच्याकडे काकांना भेटायला ती मुलगी एकटीच जायची ना? सोबत दुसरं कुणी असतं, तर काकांना आज फोन करावा लागला नसता.

रावपुऱ्याची

हो, एकटीच जायची. माणसं कमी म्हणून मीच तसं ठरवलं होतं. ही माझी चूक आहे आणि ती मला आज तुमच्यामुळे दिसली.

चार्ल्स_नदीकाठचा_बडोदेकर

ग्रंथपालांनी नेमकं सांगितलं. संबंध संस्थेचा राहायला हवा, आणि तो दोन-तीन माणसांच्या ओळखीतून राहतो. मुंबई आयआयटीला २०२३ मध्ये नंदन निलेकणींनी ३१५ कोटी दिले. बातमीत आकडा दिसला, पण ते तिथे १९७३ मध्ये शिकायला गेले होते आणि त्याआधीही ८५ कोटी देऊन झाले होते. पन्नास वर्षांचं नातं. एवढ्या काळात किती संचालक बदलले असतील! नातं टिकलं, कारण प्रत्येक वेळी पलीकडे फोन उचलणारं कुणीतरी होतं. चौदा महिन्यांत तीन माणसं बदलली की काकांना पलीकडून कुणीच ओळखत नाही.

हिशेबनीस_फतेगंज

लेखा विभागाकडूनही मदत होऊ शकते, हे मी आजवर कधी मनावर घेतलं नव्हतं. देणग्यांचं विवरणपत्र ३१ मेच्या आत भरल्यावरच देणगीदाराला कर-सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं. आम्ही ते ईमेलने पाठवून मोकळे होतो. वयस्कर मंडळींना ते सापडत नाही आणि बोलणी खातात तुमची मुलं. या वर्षी मी प्रती छापून विभागात आणून देईन म्हणतो. तुमच्या माणसांना घरी जायला निमित्तही होईल. आमच्या ऑफिसात आमच्यापुरतं तरी करतो.

टिळक_रस्ता

"आता दुसरीकडे" यांचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तळमळीबद्दल मी घाईने बोलले. पाणी वाटायला पाठवलं ते वाचून वाईट वाटलं.

रावपुऱ्याची

तीन आठवड्यांनी लिहितेय.

ट्रस्टींच्या बैठकीत पगाराचा प्रश्न पुढच्या आर्थिक वर्षावर गेला. सुरुवात ३४ करू असं तोंडी म्हणालेत, लेखी आलं की सांगेन. शब्दांची यादी मात्र सुरू झाली. पहिल्या यादीत २३ शब्द निघाले, त्यातले ९ असे की गेलेल्या माणसांना फोन करूनच कळले. तिघांनीही न कुरकुरता सगळं सांगितलं. जाहिरात कंपनीतून आलेल्या मुलाने तर स्वतःची जुनी वही आणून दिली. सूक्ष्मदर्शकांचा आदेश बारा तारखेला निघाला. कुलसचिवांनी स्वतः अलकापुरीला फोन केला.

संध्याकाळी फोनवर बसायला चार विद्यार्थी घेतलेत. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. पहिल्याच दिवशी आणंदच्या एका आजोबांशी पंचवीस मिनिटं बोलत बसली आणि मागायचंच विसरली. मी तिला काही बोलले नाही. आजोबांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला, तिचंच नाव घेऊन.

आणि काका. त्यांची ती मुलगी रविवारी सुट्टी असताना आली. मी, ती, नवीन रुजू झालेला मुलगा आणि शिष्यवृत्ती मिळालेली विद्यार्थिनी, असे चौघं दांडिया बाजारात गेलो. काकांनी लिलो चिवडा आणून ठेवला होता. विद्यार्थिनीने फोटोला नमस्कार केला तेव्हा काका उठून उभे राहिले. निघताना त्यांनी नव्या मुलाचं नाव विचारलं, खिशातल्या डायरीत लिहून घेतलं आणि त्याचा फोन नंबर त्यालाच मोठ्याने वाचून दाखवायला लावला, दोनदा.